चिकटवही, छायाचित्र, पत्र : महाविद्यालयीन स्मृतीच्या तीन संहिता

मराठी आत्मचरित्रांत महाविद्यालयाचे दिवस येतात ते जवळजवळ नेहमी उलट्या दिशेने. लिहिणारा वयाने उतरणीला लागलेला असतो, त्याचे नाव झालेले असते, आणि त्या झालेल्या नावाच्या उजेडात तो आपल्या विशीकडे वळून पाहतो. वि. स. खांडेकर १९१३मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्यांचे ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र वाचकांच्या हाती आले १९८१मध्ये, त्यांच्या निधनानंतर. आचार्य अत्रे याच महाविद्यालयातून १९१९मध्ये पदवीधर झाले. ‘कऱ्हेचे पाणी’चे खंड निघाले ते १९६०नंतरच्या दशकात. दोन्ही ठिकाणी अनुभव आणि लेखन यांच्यामध्ये अनेक दशकांचे अंतर आहे. या अंतराबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार त्या अंतरावरच उभा असतो. परंतु त्या अंतराचा एक परिणाम असा होतो की महाविद्यालय हे ‘महाविद्यालय’ म्हणून उरत नाही, ते एका पुढच्या गोष्टीचा उगम बनते. गडकऱ्यांची भेट ही भावी लेखकाची दीक्षा ठरते, परीक्षेतले अपयश हे स्वतंत्र वृत्तीचे पहिले चिन्ह ठरते, आणि ज्या शेकडो दुपारी काहीच घडले नाही त्या दुपारी निवेदनातून निमूटपणे गळून पडतात.

फिलिप लजन या फ्रेंच समीक्षकाने १९७५मध्ये ‘आत्मचरित्रीय करार’ ही संकल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि ज्याची कथा सांगितली जाते ती व्यक्ती या तिघांचे नाव एकच असणे, हा त्या कराराचा गाभा. महाविद्यालयीन स्मृतीच्या बाबतीत मात्र या कराराच्या आत एक छोटीशी अफरातफर दडलेली असते. १९१५ साली वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेल्या मुलाचे नाव आणि १९६५ साली महाराष्ट्राला माहीत असलेले नाव ही अक्षरांनी एकच असली, तरी त्या मुलाला आपले नाव तसे वाचता येत नव्हते. ते वाचन नंतरचे. आत्मचरित्र हे वाचन त्या मुलाच्या माथी मारते, आणि आपण वाचक ते बिनतक्रार स्वीकारतो, कारण आपल्यालाही शेवट आधीच ठाऊक असतो.

ज्यांना शेवट ठाऊक नसतो अशी तीन कागदी रूपे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत विद्यार्थ्यांच्या हाती होती : चिकटवही, छायाचित्र आणि पत्र. या तिन्हींकडे मराठीत आजवर चरित्राचा कच्चा माल म्हणून पाहिले गेले. त्यांची स्वतःची रचना असते, स्वतःचे व्याकरण असते आणि त्या व्याकरणातून ती काही सांगतात, म्हणून ती प्रथम संहिता म्हणून वाचायला हवीत, हे या लेखाचे म्हणणे आहे. या म्हणण्याला केवळ सैद्धांतिक महत्त्व नाही. ही रूपे ‘जतन’ करण्याच्या नावाखाली आज आपण त्यांचे जे करीत आहोत त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

कच्च्या मालाची ही दृष्टी आपल्याकडे आली कोठून? मला वाटते, तिचे मूळ आपल्या इतिहाससंशोधनाच्या थोर परंपरेतच आहे. १८९८पासून राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरची, पोत्यांत कोंबलेली दप्तरे वाचवण्याचे जे काम त्या पिढीने केले त्याला तोड नाही. पण या कामाने मराठी विद्वत्तेला एक शब्द दिला : ‘साधन’. पत्र हे साधन; साध्य दुसरेच काही, म्हणजे इतिहास किंवा चरित्र. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राच्या शीर्षकात ‘चरित्र व पत्रे’ असे शब्द आहेत. त्यातले ते ‘व’ हे अव्यय मराठी समीक्षेने कधी नीट तपासले नाही. पत्रे चरित्राला जोडलेली, चरित्राला आधार देणारी. चरित्रावाचून ती वाचायची कशी हा प्रश्नच उद्भवत नाही. गंमत अशी की ज्या पुण्यात पेशवाईतल्या कारकुनाचे चिठोरेदेखील जिवापाड जपले जात होते, त्याच पुण्यात, त्याच दशकात, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने घरी पाठवलेली कार्डे तारेला टोचून ठेवली जात आणि तार भरली की बंबात जात. शंभर वर्षांपूर्वीचा कागद इतिहास होता. कालचा कागद रद्दी होती.

प्रथम चिकटवहीविषयी, कारण ती आपल्याला सर्वांत परकी. विद्यार्थिजीवनाची चिकटवही हा मुख्यतः अमेरिकी महाविद्यालयांचा, त्यातही तेथील स्त्रियांच्या महाविद्यालयांचा वारसा आहे. व्हासार, स्मिथ, वेलस्ली, माउंट होल्योक या संस्थांच्या अभिलेखागारांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या अशा वह्या जपलेल्या आहेत. वहीला बाजारपेठही होती : मार्क ट्वेनने १८७३मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते आणि त्यावर पैसाही मिळवला होता. १९००मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा आला आणि वहीत घरगुती छायाचित्रांची भर पडली. या वह्यांत काय असते? नाटकाची तिकिटे, मेजवानीचे पदार्थपत्र, नृत्याच्या संध्याकाळी कोणाबरोबर नाचायचे हे लिहून ठेवायची चिमुकली पुस्तिका, तार, रिबिनीचा तुकडा, दाबून वाळवलेले फूल, परीक्षेची प्रश्नपत्रिका, कोणीतरी वर्गात सरकवलेली चिठ्ठी. सलग लेखन फारसे नसतेच. असलीच तर वस्तूखाली एखादी ओळ, आणि पुष्कळदा ती ओळ वस्तूहून अधिक गूढ : कशाचा तरी तुटक उल्लेख, तीन उद्गारचिन्हे, आणि आपण बाहेर.

चिकटवही बोलते ती शेजारातून. फुलाशेजारी प्रश्नपत्रिका, प्रश्नपत्रिकेवर अर्धे झाकणारे तिकीट. यांच्यामध्ये ‘म्हणून’ नाही, ‘नंतर’देखील नाही, फक्त ‘आणि’ आहे. आत्मचरित्राचे व्याकरण कार्यकारणाचे, चिकटवहीचे व्याकरण सान्निध्याचे. शिवाय ती एका विशिष्ट वाचकासाठी रचलेली असते, तो वाचक म्हणजे ती करणारी मुलगी स्वतः, काही वर्षांनंतरची. दुसऱ्या कोणाला संदर्भ लागणार नाही याची तिला खंत नाही. म्हणूनच या वह्यांचा अर्थ ‘लावून टाकणे’ हा वाचनाचा चुकीचा मार्ग होय. त्यांची अपारदर्शकता हा त्यांच्या अर्थाचाच भाग आहे. पुढे बाजारात छापील मथळ्यांच्या आठवणवह्या आल्या. वर्गाचा रंग, वर्गाचे फूल, मैत्रिणींच्या स्वाक्षऱ्या, विनोद, भेटवस्तू : प्रत्येकासाठी आधीच राखलेले पान. काय आठवायचे हे आता प्रकाशक ठरवू लागला. या छापील वह्यांमध्ये मला सर्वांत वाचनीय वाटतात ती कोरी राहिलेली पाने आणि मथळ्याला न जुमानता भलतेच काही चिकटवलेली पाने.

आपल्याकडे विद्यार्थ्यांची चिकटवही अशी रुजलेली दिसत नाही. मात्र तिच्या रचनातत्त्वाशी आपला परिचय नव्हता असे म्हणता येणार नाही. मराठी घरांतले ‘बाड’ आठवावे. अभंग, आरत्या, एखादे औषध, देण्याघेण्याची टिपणे, मुलाच्या जन्माची वेळ, दुसऱ्या हस्ताक्षरातली लावणी : सारे एकाखाली एक, जसे हाती लागले तसे. राजवाड्यांच्या पिढीने बाडे उलगडली ती त्यांतील दुर्मिळ कविता काढून घेण्यासाठी. बाड हीच एक रचना आहे, त्यातील क्रम हाही वाचायचा असतो, हा विचार नंतरचा, आणि अजूनही पुरता न रुजलेला. बिल, सूचना, रोजची नोंद हे वाङ्मयाचे द्रव्य होऊ शकते हे आपल्याला पटवले ते १९६३च्या ‘कोसला’ने; तिच्यातील एक भाग तर रोजनिशीच्या रूपातच आहे. पण कादंबरीत जे आपण कौतुकाने वाचतो तेच खऱ्या ट्रंकेतून निघाले तर त्याला आजही ‘सटरफटर’ म्हणतो.

येथे एक कल्पना करून पाहू. १९०५मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड होऊन वसतिगृहातून काढण्यात आले. ते राहत होते ती खोली पुढे स्मारक म्हणून जपली गेली. स्मारकाला शेवट ठाऊक असतो. किंबहुना शेवट ठाऊक असल्यामुळेच ते उभारले जाते, आणि तसे ते उभे राहिले की त्याच खोलीत आधी-नंतर राहून गेलेले बाकीचे विद्यार्थी तिच्यातून आपोआप बाहेर पडतात. आता समजा, त्या दंडाची पावती एखाद्या सहाध्यायाने वहीत चिकटवली असती, शेजारी खाणावळीचे बिल आणि संस्कृतच्या पेपरातला एखादा न सुटलेला प्रश्न असता. ऐतिहासिक पुरावा म्हणून तिचे मोल कदाचित खोलीपेक्षा कमीच. पण त्या आठवड्यात ती घटना एका विद्यार्थ्याच्या जगण्यात किती जागा व्यापत होती, हे त्या पानाने सांगितले असते. स्मारक ते सांगू शकत नाही.

छायाचित्राकडे वळताना एकोणिसाव्या शतकातील एका छायाचित्राचा उल्लेख करणे भाग आहे, कारण परदेशी शिकणाऱ्या मराठी व्यक्तीच्या प्रतिमेचे ते जणू आदिरूप झाले आहे. १८८५मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले, आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या तिघींचे. तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. हे छायाचित्र आज इतके पसरले आहे की आपण ते पाहतच नाही; त्यातून ‘प्रगती’ वाचून घेतो आणि पुढे सरकतो. वस्तुतः या चित्रात शिकण्याची एकही खूण नाही. तिघींना एकत्र आणणारी गोष्ट आहे ती त्यांचे परकेपण. वेश हा येथे वेश नसून नामपट्टिका आहे. आनंदीबाई त्या चित्रात विद्यार्थिनी म्हणून कमी आणि हिंदुस्थान म्हणून अधिक बसल्या आहेत, आणि तशा त्या आपण होऊन बसल्या की बसवल्या गेल्या, याचे उत्तर छायाचित्र देत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मराठी महाविद्यालयांत रूढ झाले ते समूह-छायाचित्र. त्याची मांडणी आपल्या सर्वांच्या डोळ्यांत इतकी बसलेली आहे की ती मांडणी आहे हेच जाणवत नाही. मध्ये खुर्चीवर प्राचार्य, दोन्ही बाजूंना ज्येष्ठतेच्या क्रमाने प्राध्यापक, मागे उभे विद्यार्थी, पुढे सतरंजीवर मांडी घातलेले कनिष्ठ. असलीच तर एखादी-दुसरी विद्यार्थिनी खुर्चीवर, पण टोकाला. शिपाई असलाच तर चौकटीच्या कडेशी, आणि खालच्या नामावळीत बहुधा नाहीच. नामावळी ‘डावीकडून उजवीकडे’ वाचायची. संस्था स्वतःकडे कशी पाहू इच्छिते याचे इतके उघड विधान तिच्या अहवालांतही सापडत नाही. पण काचेच्या पट्टीवर प्रतिमा उमटायला सर्वांनी क्षणभर स्तब्ध राहावे लागे, आणि कोणी ना कोणी हलत असे. तो पुसट झालेला चेहरा त्या आज्ञाधारक चित्रातला एकमेव प्रसंग. रोलां बार्थने छायाचित्राचे सार ‘हे होते’ या साक्षीत पाहिले. समूह-छायाचित्राविषयी मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की ‘हे होते’ म्हणताना ते ‘हे या क्रमाने होते’ असेही म्हणते, आणि दुसरे विधान पहिल्याच्या आडून खपवते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील १९१६-१७च्या सुमाराचे एक समूह-छायाचित्र मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. प्राध्यापक आणि सहाध्यायी यांच्यासह भीमराव आंबेडकर त्यात आहेत, मधल्या रांगेत उजव्या टोकाला. अशा छायाचित्रांच्या बाबतीत पुढे एक ठराविक गोष्ट घडते : थोर व्यक्तीच्या चेहऱ्याभोवती वर्तुळ काढले जाते, मग वर्तुळाबाहेरचे कापले जाते, मग उरलेला तुकडा मोठा करून एकट्याचे चित्र म्हणून छापला जातो. हे श्रद्धेपोटी होते हे मान्य. पण यात नाहीसे होते ते नेमके छायाचित्राचे म्हणणे. त्या क्षणी तो पंचविशीतला तरुण इतरांपैकी एक होता, रांगेत उभा होता. ज्याला मुंबईत महाविद्यालयाच्या आवारातल्या चहावाल्याने चहाच काय, पाणीही नाकारल्याचे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात, त्याच्या बाबतीत ‘रांगेत इतरांबरोबर उभे असणे’ ही क्षुल्लक बाब नव्हे. वर्तुळ काढून आपण त्याला पुन्हा वेगळा काढतो.

आणि येथे या तिन्ही रूपांची एक मर्यादा समोर येते, जिच्याबद्दल या प्रकारच्या कागदांवर प्रेम करणारे अभ्यासक, मीही त्यांतलाच, सहसा बोलत नाहीत. चिकटवहीत काय चिकटते? तिकीट, पदार्थपत्र, निमंत्रण, कार्यक्रमपत्रिका. हे सारे प्रवेश मिळाल्याचे कागद आहेत. नाकारलेल्या चहाचे बिल होत नाही. ज्या पंगतीत बसू दिले नाही तिचे निमंत्रण नसते. एल्फिन्स्टनमधील १९०८ ते १९१२ या वर्षांतल्या आंबेडकरांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले फारच थोडे त्या वेळच्या कागदांवरून; बरेचसे नंतरच्या कथनांतून, आणि विशेषतः चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या चिकाटीतून. खैरमोड्यांच्या बारा खंडी चरित्राचा पहिला खंड १९५२मध्ये निघाला. त्यांनी पत्रे गोळा केली, माणसांना भेटून आठवणी उतरवून घेतल्या, आणि पुष्कळदा मजकूर जसाच्या तसा दिला. मराठी समीक्षा या चरित्राला ‘माहितीने समृद्ध परंतु रचनेत सैल’ असे काहीसे म्हणून बाजूला ठेवते. मला ती सैल रचना चरित्राच्या रूढ घाटापेक्षा चिकटवहीला जवळची वाटते, आणि ज्यांच्या महाविद्यालयीन दिवसांना वही लाभली नाही त्यांच्यासाठी ती नंतर, दुसऱ्याच्या हाताने, केलेली वही आहे असे वाटते. १९१३मध्ये न्यूयॉर्कहून वडिलांच्या स्नेह्याला लिहिलेले, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरणारे पत्र आज आपण वाचतो ते अशा जतनामुळेच. उलट १९१७मध्ये भारतात परतताना आंबेडकरांनी दुसऱ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके ते जहाज युद्धात बुडवले गेल्याने समुद्रात गेली. विद्यार्थ्याच्या पुस्तकांच्या समासांत काय लिहिलेले असते हे शिकवणाऱ्यांना सांगायला नको.

पत्राचे द्रव्य चिकटवहीपेक्षा आपल्या कितीतरी ओळखीचे. १८७९मध्ये पाव आण्याचे कार्ड सुरू झाले आणि गावाहून शहरात शिकायला आलेल्या मुलाचे घराशी असलेले नाते कार्डाच्या आकारात बसू लागले. प्रकृती, परीक्षा, पैसे. वाचणारे घरात दहाजण, शिवाय पोस्टमन. बंद पाकिटाला दुप्पट पैसे पडत, म्हणजे खासगीपणाला किंमत होती आणि ती आण्यांत मोजता येई. १९२२मध्ये कार्ड अर्ध्या आण्याला आणि पाकीट आण्याला गेले. लिपीचाही प्रश्न होता. वडीलधारे मोडीत लिहीत, शाळेत बालबोधीवर वाढलेली मुले उत्तरे बालबोधीत देत, आणि मित्रांमित्रांत मध्येच इंग्रजी वाक्ये येत. एकाच ट्रंकेतील पत्रे तीन लिप्यांत विभागलेली असतात, आणि आजची नातवंडे त्यांपैकी जी वाचू शकतात तीच ‘जपण्यासारखी’ ठरवतात. अशी कितीतरी मोडी पत्रे, म्हणजे घराची बाजू, न वाचताच जाते. उरते ती मुलाची बाजू. पत्रव्यवहार एकतर्फी होतो आणि मुलगा स्वगत बोलल्यासारखा वाटू लागतो.

दोन्ही बाजू टिकल्याचे मराठीतले सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे ‘कुसुमानिल’. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे पुढचे कवी अनिल, आणि कुसुम जयवंत, म्हणजे पुढच्या कुसुमावती देशपांडे, यांची १९२२पासूनची, विद्यार्थिदशेतली ही पत्रे. पुण्यात शिकत असताना दोघांचा परिचय झाला, विवाह १९२९मध्ये. संग्रह प्रसिद्ध झाला १९७२मध्ये, कुसुमावतींच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, अनिलांच्या हयातीत. या पुस्तकाचे स्वागत मराठीने एका आदर्श प्रेमाचा दस्तऐवज म्हणून केले. ते चूक नव्हे, पण त्या वाचनाने पुस्तकातली एक मोठी गोष्ट झाकली, असे माझे मत आहे. ही दोन विद्यार्थ्यांची पत्रे आहेत. दोघे एकमेकांना लिहिता लिहिता लिहायला शिकत आहेत.

याचे महत्त्व जाणण्यासाठी त्याच दशकाच्या कादंबरीकडे पाहावे. ना. सी. फडके यांची ‘जादूगार’ १९२८ची आणि ‘दौलत’ १९२९ची. मराठी वाचकाच्या मनात त्या काळच्या सुशिक्षित तरुण-तरुणींच्या प्रेमाचे जे चित्र ठसले ते मुख्यतः या वळणाच्या कादंबरीने : चटपटीत, आटोपशीर, गैरसमज आणि उलगडा यांच्या ठेक्यावर चालणारे. फडक्यांच्या रचनाकौशल्याबद्दल वाद नाही. परंतु कादंबरीत नायिकेचे पत्र येते ते कथानकाला वळण देण्यासाठी. ते चुकीच्या हातात पडते, उशिरा मिळते, गैरसमज करते. खऱ्या पत्रव्यवहाराला कथानक नसते. त्यात उत्तराची वाट पाहणे असते, आधीच्या पत्रातला एखादा शब्द पुन्हा उचलून तपासणे असते, आणि पुढचे पत्र येईपर्यंत आपण काय लिहून बसलो याची धास्ती असते. कादंबरीतील पत्राला लेखकाने शेवट ठरवून दिलेला असतो. १९२२चे पत्र लिहिणाऱ्यांना १९२९ ठाऊक नव्हते. पुढे ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहिणाऱ्या, या प्रकाराची घडण इतक्या साक्षेपाने तपासणाऱ्या समीक्षक स्त्रीने आपल्या विशीत ज्या गद्याचा सराव केला तो कादंबरीबाहेरचा होता, ही बाब तिच्या समीक्षेचा विचार करताना आपण कधी लक्षात घेतली आहे काय? कुसुमावतींच्या गद्यातील संयम, विधान करून ते लगेच स्वतःच तपासून पाहण्याची सवय, समोरच्याला उत्तराला जागा ठेवण्याची रीत यांचा माग त्यांच्या इंग्रजी साहित्याच्या अध्ययनात शोधला जातो. लंडनचे शिक्षण आणि नागपूरचे अध्यापन हे त्यांचे ऋण आहेच. परंतु उत्तराला जागा ठेवण्याची रीत ही मुळात पत्राची आहे. ग्वाल्हेरच्या १९६१च्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव प्रत्येक वेळी घेतले जाते. त्यांच्या वाक्यरचनेविषयी मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही.

‘कुसुमानिल’च्या संपादनाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. दोघांपैकी एक हयात नसताना, दुसऱ्याच्या हातून, पन्नास वर्षांनी पत्रे ग्रंथरूप घेतात आणि दोन नावांचा समास शीर्षक म्हणून मिरवतो, तेव्हा मुखपृष्ठानेच शेवट सांगून टाकलेला असतो. आपण पहिले पत्र उघडतो ते विवाहाच्या खात्रीने. ज्या अनिश्चिततेत ती लिहिली गेली ती अनिश्चितताच पुस्तकाबाहेर राहते. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. पत्रे ग्रंथ झाली नसती तर ती आज आपल्यापुढे नसतीच, आणि अनिलांनी ती समोर ठेवण्याचे जे धाडस केले ते त्या काळी लहान नव्हते. मुद्दा वाचनाचा आहे. हे पुस्तक शीर्षक विसरून वाचावे लागते, आणि ते प्रयत्नाने करता येते.

गेल्या काही वर्षांत जुन्या महाविद्यालयांच्या शताब्द्या आणि सवाशताब्द्या साजऱ्या झाल्या. स्मरणिका निघाल्या, माजी विद्यार्थ्यांच्या घरांतून कागद मागवले गेले, त्यांच्या संगणकीय प्रती झाल्या. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु बहुतेक स्मरणिका चाळल्या तर दिसते ते असे : अल्बममधून छायाचित्र सोडवून घेतलेले, पाठ न दाखवता, कडा कापून, उजळ करून छापलेले, पत्रातला एक ‘उद्बोधक’ परिच्छेद चौकटीत, आणि खाली त्या व्यक्तीचे पुढचे पद. म्हणजे शेवट ठाऊक नसलेल्या कागदालाही आपण शेवट जोडून दिला. त्यात सर्वांत मोठी हानी पाठीची होते. छायाचित्राच्या पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का असतो, पेन्सिलीने घाईत लिहिलेली नावे असतात, ‘हा मी नव्हे’ अशी कोणाची तरी नंतरची दुरुस्ती असते. पाकिटावर टपालाचे दोन शिक्के असतात, निघाल्याचा आणि पोचल्याचा, आणि त्या दोहोंमधले दिवस म्हणजे वाट पाहण्याची लांबी. पत्राची तारीख छापून पाकीट टाकून दिले की ती लांबी गेली. काळ्या जाड पानांच्या अल्बमचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, खळीला कसर लागते, हे खरे. म्हणून प्रती करणे अपरिहार्य आहे. पण प्रत करायची ती पानाची, त्यातल्या चित्रांची सुटी सुटी नव्हे.

अशा अल्बमांत एक पान हमखास सापडते. चार कोपरे चिकटवलेले आहेत, खाली शाईने नाव किंवा स्थळ लिहिलेले आहे आणि मधले छायाचित्र नाही. कोणी ते काढून घेतले, की कोणाला दिले, की फाडले, ते कळत नाही. काळ्या कागदावर मात्र तेवढा आयत अधिक काळा राहिलेला असतो, कारण तिथे प्रकाश पोचला नाही. स्मरणिकेच्या संपादकाला हे पान निरुपयोगी वाटते. ते पान संहितेचा भाग म्हणून, त्याच्या जागी, मागच्या आणि पुढच्या पानांच्या मध्ये, कोपऱ्यांसह छापले गेले पाहिजे.